चौथ्यांदा पडलेली उजवी पाकळी

आबा, तुमच्या पणतवाला खोका घ्यायचा आहे. टीव्ही घरात आहे, भिंतभर. पाच स्पीकर आहेत, ते त्याच्या मित्राने पणजीतली भाड्याची जागा सोडताना दिले. आता टीव्हीकडून आवाज घेऊन त्या पाचांना ज्याचा त्याचा वाटा देणारा खोका तेवढा हवा. त्याला रिसीव्हर म्हणतात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे घरातली थोरली सून; सगळ्यांना वाढायचं आणि आपण मध्ये तापत उभं राहायचं. पोरगं हसलं नाही. पंधरा दिवस त्याचं डोकं मोबाईलमध्ये आहे. कुठल्या मुलखातल्या कुठल्या माणसाला कुठला खोका आवडला, हे तो इथे आमोण्यात पेज जेवता जेवता वाचतो. हातात पैसे बेताचे. परवडतो त्याला लोक नावं ठेवतात आणि लोक वाखाणतात तो परवडत नाही, असं त्याचं चाललंय. परवा कंटाळून म्हणाला, "आजी, तू चल दुकानात. तुझा कान चांगला आहे."

हे वाक्य याआधी मला एकाच माणसाने म्हटलं होतं, आणि तो माणूस तुम्ही. तेव्हाही खोकाच घ्यायचा होता. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला अर्धं ठाऊक आहे आणि मला सगळं. ते एकदा सांगून टाकावं म्हणून नातीला समोर बसवून हे लिहवून घेते. मला लिहिता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी बोलते तसंच लिही, माझं सुधारू नको, असं तिला बजावलंय. ती सुधारते. मला कळतं, कारण तेव्हा तिचं पेन थांबतं.

धारगळला, माझ्या माहेरी, आपल्या घराच्या पडवीत तुमची शाळा भरायची. पाखल्या पोर्तुगिजांचं राज्य, सरकारी शाळेत त्यांची भाषा, आणि तुम्ही गावच्या पोरांना मराठी शिकवायला बसलेले. वीस-बावीस पोरं, त्यांत चार-पाच मुलीही होत्या, भटाच्या, दुकानदाराच्या. मी दाराच्या आतल्या बाजूला बसलेली असायचे, मांडीवर धाकटा भाऊ, पुढ्यात तांदळाचं सूप. उंबऱ्याच्या पलीकडे पाढे चाललेले आणि अलीकडे मी खडे वेचतेय. दीडकी, अडीचकी मला अजून येते; नातीला विचारलं तर ती मोबाईल काढते. कविता तर तुमच्या पोरांच्या आधी मला पाठ व्हायच्या. पडवीत कोण अडखळलं, कुणी ओळ गाळली, ते मी आतून न बघता सांगितलं असतं. विचारलं नाही कुणी. पोरं गेली की पडवी झाडायचं काम माझं. पाट्या पुसलेल्या असायच्या, म्हणून मला काही दिसलंही नाही कधी.

घरात तुम्ही सगळ्यांची भाषा राखत होता. मी कदेल म्हटलं की खुर्ची म्हण. जनेल म्हटलं की खिडकी म्हण. शेजारची पोरं बापाला सरळ तू म्हणत, मायेने. आम्ही तुम्ही म्हणायचं. त्या तुम्हीमुळे मध्ये एक पाट ठेवल्यासारखा वाटायचा. पण एक गोष्ट तुम्ही मानत होता. भजनाच्या दिवशी पेटीवाल्याचा सूर आणि मृदंग जुळतोय का, हे विचारायला तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. हळू आवाजात विचारायचा, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी चुलीकडे बघतच सांगायचे, थोडा उतरलाय. तुम्ही बाहेर जाऊन म्हणायचा, माझ्या मते थोडा उतरलाय.

मग माझं लग्न झालं, मी आमोण्याला आले. घरवाला खाणीवर ट्रक चालवायचा. आई गेली. भाऊ गल्फला. तुमची शाळाही कधीच बंद झालेली, पण गाव तुम्हाला मास्तरच म्हणत राहिला. महिन्यातून आठेक दिवस मी धारगळला यायचे, तुमचं धुणं, सारवण, खार-लोणचं बघायला. गोवा वेगळं राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट सांगते. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याने तुम्हाला कॅसेटचा डेक आणला, आणि कमरेएवढे दोन स्पीकर. त्यांना आवाज पुरवणारा मधला खोका, अँप्लिफायर, तो काही आणला नाही. विमानात वजन झालं म्हणाला. पैसे ठेवून गेला, इथेच घ्या, म्हापशाला मिळतात. पैसे काही फार नव्हते. म्हणून महिनाभर डेक टेबलावर, स्पीकर भिंतीला, आणि मध्ये रिकामी जागा. तुम्ही त्यांच्यावर पंचा झाकून ठेवला होता.

ते दिवस कसे होते ते नातीला सांगून पटत नाही. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून भाऊ भावाच्या घरी जेवायला जात नव्हते. रस्ते अडवलेले, बस कधी येते कधी येत नाही, आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी आपली आई आणि परक्याची आई. तुम्ही अर्थात मराठीकडचे. मला काय, मी भांडी घासताना कोंकणीत बोलत होते आणि ओवी म्हणताना मराठीत, आणि मध्ये कुठे उंबरा लागला नाही. पण तुमच्या अंगात वारं आलं होतं. म्हापशाच्या सभेतलं एक भाषण कुणीतरी टेप करून आणून दिलं होतं. तुम्ही ठरवलंत, रविवारी दुपारी वाड्यावरच्या सगळ्यांना पडवीत बोलवायचं, ते भाषण मोठ्याने ऐकवायचं, आणि मग मराठीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. त्यासाठी खोका हवा होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाय, तू चल दुकानात. तुझा कान चांगला आहे. वाचायचं ते मी वाचीन."

मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आबा. मला चार मुलं होती. आणि तरी मी त्या सकाळी ट्रंकेतलं बरं लुगडं काढून नेसले. तुम्ही मला कुठल्या कामाला, माझी गरज म्हणून, पहिल्यांदाच नेत होता. एक स्पीकर चादरीत गुंडाळून आपण बसमध्ये चढवला. कंडक्टरने विचारलं, मास्तर, ही आजारी कोण? तुम्ही स्पीकरचंही तिकीट काढलंत आणि वर सुनावलंत की यंत्राला लिंग नसतं. मी खिडकीकडे तोंड करून हसले.

दुकानदाराने दोन खोके काढले. एक धाकटा, काळा, दिसायला काही नाही, पण उचलला तर जात्याच्या पाळीसारखा जड. दुसरा थोरला, चंदेरी, पुढे दिवे, काचेमागे दोन सुया नाचणाऱ्या, आणि हातात घेतला तर हलका. गंमत म्हणजे थोरला थोडा स्वस्त. धाकट्याला भावाने ठेवलेले सगळे पैसे लागणार, थोरला घेतला तर वायरीचे नि चहाचे उरणार. तुम्ही चष्मा चढवून थोरल्याभोवती फिरलात, पाठीमागचं सगळं वाचलंत. वाचलंत कसलं, सगळं इंग्रजीत होतं आणि इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. तुम्ही फक्त आकडे बघत होता. त्या दुकानात त्या पाटीपुढे आपण दोघं सारखेच होतो, पण तुमच्या नाकावर चष्मा होता. तुम्ही मला सांगितलंत, याच्यावर दोनशे लिहिलंय आणि त्याच्यावर तीस.

मग दुकानदाराने आपल्या स्पीकरला एकेक जोडून भजनाची कॅसेट लावली. थोरल्यातून पिंपावर थापा मारल्यासारखा आवाज आला, दुकानाच्या काचा थरथरल्या. धाकट्यातून आवाज कमी आला, पण टाळ वाजल्यावर त्याची कणकण किती वेळ मागे राहते ती ऐकू आली, आणि बुवा ओळ उचलण्याआधी श्वास घेतो तो श्वास. मी डोळे मिटले होते. दुकानदाराने विचारलं, "बाये, तुका कसलें बरें दिसलें?" मी म्हटलं, धाकटं. त्यात माणूस आहे, दुसऱ्यात नुसता गलबला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती. आणि तुम्ही अगदी सावकाश, शुद्ध, पडवीत पोरांना सांगायचा तसं म्हणालात, "कान काय, म्हशीलाही असतात. वर काय लिहिलंय ते वाचता यावं लागतं."

त्या गिऱ्हाइकांतलं एक हसलं. मी चादरीची घडी करायला घेतली. चांगली मोठी चादर होती, बराच वेळ पुरली.

पण तुमचंही मन डगमगलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. नाहीतर तुम्ही तिथल्या तिथे थोरला उचलला असता. दुकानदाराला म्हणालात, दोन दिवस दोन्ही ठेवा, आमचा स्पीकरही इथेच राहू दे, देवाला विचारून येतो. तो म्हापशाचा माणूस, त्यालाही यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे लग्न, विहीर, खटला, सगळं देवाच्या पायाशी जातं. खोका का जाऊ नये. भावाच्या पैशात एकदाच घ्यायचा होता, चुकला तर दुसरा येणार नव्हता.

सोमवारी सकाळी आपण देवळात गेलो. मी नारळ घेऊन मागे उभी. तुम्हाला एक ठाऊक नव्हतं, आबा, आपल्या त्या देवाला मी नेहमी लहान नारळ बघून द्यायचे. दुकानात दहा नारळ हलवून बघायचे आणि त्यातला धाकटा निवडायचे. माझं त्याच्याशी भांडण होतं. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला याच देवळात आणलं होतं, न्हाऊ घालून, वेणीत अबोली माळून. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. पोरीला शाळेत बसवू का, असं तुम्ही विचारलंत. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. टपकन, लावल्या लावल्या. तुम्ही हात जोडून म्हणालात, देवाचा हुकूम. घरी येऊन आईला तेच सांगितलंत, आणि आईने मला सूप आणून दिलं. मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. तुमचा काय दोष? बोलला तो देव. म्हणून लहान नारळ.

आता गुरवाने पाकळ्या लावल्या. तुम्ही देवाला सांगितलंत, बाबा, थोरलं यंत्र घेतो, मराठीच्या कामाला लागणार आहे, यश असेल तर उजवा कौल दे. आपण तिघं बघत राहिलो. डावी पडली.

मी मनात म्हटलं, चला, देवालाही कान आहे.

तुम्ही घसा खाकरलात. गुरवाला म्हणालात, माझी विचारण्यात चूक झाली. दोन यंत्रांतलं कुठलं, हे देवाला नीट कळलं नसेल. त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. तुम्ही पुन्हा, जरा विस्ताराने विचारलंत, वॅटचे आकडेसुद्धा सांगितलेत. कितीतरी वेळ कुठलीच पडली नाही. तुम्ही म्हणालात, याचा अर्थ देव विचार करतोय. तिसऱ्यांदा लावल्या. डावी. तेव्हा गुरव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, देव दमलो आता. धाकलेंच घेया मरे." तुम्ही ऐकलं नाही. पाकळ्या सुकल्या आहेत म्हणालात, ताज्या आणवल्यात, उजवीकडे लावताना पाणी जरा जास्त झालं असं मला वाटलं, पण मी काय, मला फक्त कान. चौथ्यांदा उजवी पडली. तुम्ही हात जोडलेत. देवाचा हुकूम.

मी तिथे खांबाला धरून उभी होते. तुम्ही गुरवाशी दक्षिणेचं बोलत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की पुन्हा विचारता येतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सदतीस वर्षं मी समजत होते की देव एकदा बोलला की संपलं. माझी डावी पडली तेव्हा तुम्ही म्हटलं नाहीत की विचारण्यात चूक झाली असेल. म्हटलं नाहीत की पाकळी सुकी होती. पाणी जास्त लावलं नाहीत. खोक्यासाठी तुम्ही देवाला चार वेळा उठवलंत, आणि माझ्यासाठी एकदा विचारून घरी आलात, जेवलात, दुपारी पडवीत दुसऱ्यांच्या मुलींना बाराखडी शिकवायला बसलात. बाहेर पडताना मी तुम्हाला पुढे जायला सांगितलं आणि दारातल्या दुकानातून सगळ्यात मोठा नारळ घेऊन परत आत गेले. त्या बिचाऱ्याला उगाच इतकी वर्षं उपाशी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा म्हापशाला गेलो आणि थोरला खोका घेतला. दुकानदार तो बांधत होता तोवर तुम्ही सह्यांसाठी कागद आणायला गेलात, मी खोक्यापाशी बसले. येताना बसमध्ये तुम्ही फार खुशीत होता. उरलेल्या पैशांतून मला कांकणं घेतलीत, हिरवी, एक डझन. खोका मांडीवर घेऊन बसला होता लहान पोर घेतल्यासारखा आणि मला म्हणालात, बाय, गप्प का, तुला राग आला का? मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, राग धरू नये, आपण ज्ञानाने चालावं. मी म्हटलं, हो.

रविवार आला. मी सकाळपासून चाळीस माणसांच्या चहाची तयारी केली, बेकरीवाल्या पोदेराकडून उंडे पाव आणवले, चण्याची उसळ केली. दुपारी पडवी भरली, अंगणात चटया टाकल्या. समोरचे काका कोंकणीच्या बाजूचे, तेही आले. म्हणाले, भाशण तुमचें, चाय सगळ्यांची. दोन्ही स्पीकर तुम्ही दोन खिडक्यांत बाहेर तोंड करून ठेवलेत. दिवे लागले, सुया हलल्या, पोरंबाळं पुढे सरकली. कॅसेट सुरू झाली. बोलणाऱ्याचा आवाज चांगला होता, मोठ्याने न बोलताही पोचणारा. कुणीतरी मागून म्हणालं, मास्तर, वाडव. तुम्ही वाढवलात. आणखी वाढवलात. रस्त्यापलीकडच्या घरातून माणसं बाहेर आली, ते बघून तुम्ही बटण शेवटपर्यंत फिरवलंत. मी चहाची किटली घेऊन दारात उभी होते, पूर्वी जिथे सूप घेऊन बसायचे त्या जागी. भाषणवाला आईच्या दुधावर आला होता. तेवढ्यात वास आला, रबर जळल्यासारखा. मग आवाज फाटला, मग एक मोठा खर्रर्र, आणि गप्प. खोक्याच्या जाळीतून धुराची बारीक दोरी वर गेली. तुम्ही धावून झाकणाला हात लावलात आणि बोटं भाजली तशी ओरडलात, "आवय गे." तुम्ही, आबा. ती कुठली भाषा ते मी विचारलं नाही.

समोरचे काका म्हणाले, "मास्तर, तुमचें मशीन कोंकणीवालें दिसता. मराठी आयकून जळ्ळें."

सगळी पडवी हसली. मराठीकडचेही हसले, काय करणार, हसू येण्यासारखंच होतं. तुम्ही बोटं तोंडात घालून उभे होता, तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही सगळ्यांकडे बघितलंत, मग माझ्याकडे बोट केलंत. म्हणालात, "हिने निवडला. मी धाकटा घेत होतो. अडाणी माणसाच्या कानावर विसंबलो, ही माझी चूक."

चाळीस माणसं माझ्याकडे वळून बघत होती आणि माझ्या हातात किटली. मी चहा वाढायला लागले. एका बाईने कप घेताना माझा हात दाबला. समोरच्या काकांनी मान खाली घातली. ते तुमच्याबरोबर हसू शकत होते, माझ्यावर हसणं त्यांना जमलं नाही.

मग कागद फिरला. भाषण नाही तर नाही, सह्या तरी होऊ देत, असं ठरलं. तुम्ही चौरंगावर कागद पसरलात आणि एकेकाला बोलावलंत. तुमचे जुने विद्यार्थी, टक्कल पडलेले, ऐटीत सही करत होते. बायकाही आल्या. भटाची मुलगी, माझ्याच वयाची, माहेरपणाला आलेली. तिने लांबलचक सही केली आणि खाली रेघ ओढली. तुम्ही म्हणालात, वळण अजून राखलंस हो. ज्यांना येत नव्हतं ते शाई लावून अंगठा उठवत होते. गडी होते, दोन म्हाताऱ्या होत्या. सगळे झाल्यावर मी हात पुसून आले आणि अंगठा पुढे केला. मराठी मलाही हवी होती, आबा. तुमच्या पडवीतून आत आलेली तेवढीच माझी दौलत होती.

तुम्ही कागदावर तळवा ठेवलात. हळू आवाजात, स्वयंपाकघराच्या दाराशी सूर विचारायचा तसंच, म्हणालात, "तुझा राहू दे. मास्तराच्या मुलीचा अंगठा दिसला तर लोक काय म्हणतील?"

मी अंगठा पदराला पुसला. शाई लावलीच नव्हती, तरी पुसला.

संध्याकाळच्या बसने मी आमोण्याला परत आले. पुढच्या महिन्यात परत धारगळला गेले, धुणं धुतलं, लोणच्याची बरणी उन्हात ठेवली. आपण त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. खोका तसाच टेबलावर होता, तुम्ही त्यावर चष्म्याचं घर ठेवायला लागला होता. भाषेचा निकाल कोंकणीच्या बाजूने लागला, तो तुम्हाला मानवला नाही. मग राज्य झालं, आणि त्याच पावसात तुम्ही गेलात. लोक मला समजवायला आले ते म्हणाले, मास्तर भाषेच्या दुःखाने गेले. मी हो म्हटलं. तुमचा दमा कुणाला आठवत नव्हता.

त्यानंतर माझ्या मुलांना, सुनांना, नातवंडांना मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली. पाकळ्यांची सांगितली, कागदावरच्या तळव्याची सांगितली. बाप चारचौघांत कसा खोटं बोलला आणि आपल्या मुलीच्या नावावर आपली चूक कशी ढकलली, ते तर मी इतकं रंगवून सांगते की नातू तुमची नक्कल करतो. तुमच्यावर हसू येतं सगळ्यांना. मी येऊ देते.

नातवाबरोबर काल दुकानात गेले. त्याने दोन खोके ऐकवले, मी सांगितलं तो घेतला, आकडा लहान होता तरी. घरी येऊन जोडला, चांगला वाजतो. आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहवून घेतलं. हे कुठे पाठवायचं, असं नातीने विचारलं. मी म्हटलं, कुठे नाही, तू फक्त लिही. आता राहिलेलं सांगते.

तुम्ही कागद आणायला गेला होता तेव्हा दुकानदाराने खोक्याची आणि आपल्या स्पीकरची पाठ मला दाखवली होती. तुमचे स्पीकर चार ओमाचे आहेत, हे यंत्र आठ ओमाचं आहे, म्हणाला. ही गाडी या बैलांना जड आहे. धाकट्याला चालले असते. ह्याच्यावर आवाज वाढवला तर यंत्र तापून जळणार. "मास्तरांक सांग बाये, आवाज अर्द्यावयर व्हरूं नाका." बटण अर्ध्याच्या पुढे न्यायचं नाही, एवढंच. तुम्ही कागदाची गुंडाळी घेऊन परत आलात तेव्हा तो तुम्हालाच सांगायला तोंड उघडत होता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, तुम्ही राहू द्या, घरी गेल्यावर मी नीट सांगते.

नीट आठवत होतं मला, आबा. बसमध्ये आठवत होतं, उसळ करताना आठवत होतं. तुम्ही बटण शेवटपर्यंत फिरवलंत तेव्हा मी दारातून बघत होते. धूर निघाला तेव्हा मला बरं वाटलं.